पेट्रोलात तेल किती?

ज्यांच्या घरी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात स्कूटर किंवा लुना होती त्यांना पेट्रोल-पंपावरील एक प्रश्न खात्रीने आठवत असेल. नळीला हात घालण्यापूर्वी पंपावरचा मनुष्य विचारीत असे, ‘ऑईल किती?’ आणि गाडीचा मालक आपापल्या स्वभावाप्रमाणे उत्तर देई. हिशेबी गृहस्थ लिटरामागे वीस मिलिलिटर सांगत आणि माप भरताना डोळ्यांत तेल घालून पाहत. ज्यांचा वाहनावर जीव असे ते ‘थोडे जास्तच घाला’ म्हणत. ती वाहने आता रस्त्यावरून बहुतेक नाहीशी झाली आहेत. पण तो प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नव्हता. त्याचे योग्य उत्तर सापडावयास यंत्रज्ञांची सुमारे सत्तर वर्षे खर्ची पडली, आणि सापडलेले उत्तर लोकांच्या गळी उतरविण्यात आणखी तीस-चाळीस गेली. या दुसऱ्या दिरंगाईची किंमत आपल्या शहरांनी श्वासावाटे मोजली आहे. त्या मापाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

मुळात पेट्रोलात तेल घालावेच कशाला, हे प्रथम पाहू. मोटारगाडीच्या एंजिनात वंगणाचे तेल खालच्या पेटीत साठविलेले असते; ते वर फेकले जाते, काम करून पुन्हा खाली गळते, आणि महिनोगणती तेच तेल फिरत राहते. लहान टू-स्ट्रोक एंजिनाला, म्हणजे दोन धावांच्या एंजिनाला, ही सोय नाही. का नाही, याचे उत्तर इंग्लंडातील बाथ या गावी मिळते. दोन धावांचे एंजिन ड्युगल्ड क्लार्क याने त्यापूर्वीच सिद्ध केले होते व १८८१ साली त्याचे पेटंटही घेतले होते. परंतु त्याला ताजी हवा व इंधन आत ढकलण्यासाठी दुसरे एक सिलिंडर जोडावे लागे. बाथ येथे ओतकामाचा कारखाना चालविणाऱ्या जोसेफ डे याने १८९१ साली निराळी युक्ती काढली. दट्ट्या वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या बंद पेटीत पोकळी होते, आणि खाली येतो तेव्हा तीच पेटी दाबली जाते. मग दुसरा पंप हवा कशाला? या पेटीलाच पंप बनवावे! पुढे त्याच्याच कारखान्यातील फ्रेडरिक कॉक याने झडपाही काढून टाकल्या. सिलिंडरच्या भिंतीत झरोके ठेवावयाचे, आणि वरखाली जाणाऱ्या दट्ट्यानेच ते उघडावयाचे व झाकावयाचे. एक दट्ट्या, एक दांडा, एक फिरता आस: हलणारे भाग एवढेच. इतके साधे, हलके आणि स्वस्त एंजिन त्यानंतर फारसे कोणी केले नाही.

पण त्या युक्तीतच ही अडचण जन्मास आली. जी पेटी पंपाचे काम करते तिच्यात तेलाचा साठा ठेवता येत नाही. ठेवला तर तो इंधनाबरोबर वर उचलला जाऊन जळून जाईल. तेव्हा वंगण थोडेथोडे, अखंड, आणि पुन्हा परत न मिळण्याच्या हिशेबानेच द्यावे लागते. टू-स्ट्रोकमधील तेल एकदाच काम करते आणि त्याच क्षणी जळते. जळताना ते राख, काजळी आणि धूर मागे ठेवते. म्हणून या तेलाकडून एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी मागितल्या जातात. जोपर्यंत ते दट्ट्यावर आहे तोपर्यंत त्याने कशानेही हटू नये, आणि एकदा ठिणगीच्या टप्प्यात गेले की मागमूस न ठेवता नाहीसे व्हावे. पुढची सारी हकीकत या दोन मागण्यांच्या ओढाताणीची आहे.

आरंभीच्या काळी तेलाची वेगळी कुपी असे. तिच्यातून थेंब थेंब तेल गळे, किंवा चालकाने मधूनमधून हातपंप मारावयाचा असे. चालक विसराळू असला की दट्ट्या सिलिंडरात जखडून बसे. तेव्हा सर्वांत सुटसुटीत मार्ग निघाला तो हा, की तेल पेट्रोलातच मिसळून टाकावे. जेथे पेट्रोल जाईल तेथे तेल आपोआप जाईल. पेटीतील उष्णतेने पेट्रोलाची वाफ होते आणि जड तेल मागे राहून बेअरिंगांवर व सिलिंडरच्या भिंतीवर बसते. इंग्लंडात या मिश्रणाला ‘पेट्रॉइल’ असे नावच पडले. जुना दंडक होता गॅलनाला अर्धा पाइंट, म्हणजे सोळास एक. आजच्या मापाने लिटरामागे साठ मिलिलिटरांहून थोडे अधिक. त्या काळच्या एंजिनाला खरोखरच तेवढे लागत असे. दांड्याच्या टोकाशी पितळी धातूची साधी बुशे असत. त्यांना तेलाचा जाड थर हवा. दट्ट्याच्या माथ्यावर, आत येणारे इंधन सरळ बाहेर पळू नये म्हणून, एक उंचवटा ठेवीत. तो फार तापे आणि दट्ट्या वेडावाकडा फुगे. आणि तेल म्हणावे तर मोटारीच्या एंजिनात घालावयाचे साधे खनिज तेलच.

या ठिकाणी आपल्या परिचयाच्या एका तेलाची थोडी कथा सांगितली पाहिजे. ते म्हणजे एरंडेल. १९०९ पासून विमानांत नोम नावाचे फ्रेंच एंजिन वापरले जाऊ लागले. ते चार धावांचे. परंतु त्यात आस स्थिर राही आणि सगळी सिलिंडरे पंख्यासकट त्याच्याभोवती गरगर फिरत. इंधन त्याच्याही मधल्या पेटीतूनच जाई. तेथे खनिज तेल घातले तर पेट्रोल ते धुऊन नेई. एरंडेल मात्र पेट्रोलात सहजी विरघळत नाही, आणि तापल्यावरही धातूला घट्ट चिकटून राहते. म्हणून पहिल्या महायुद्धातील असंख्य विमाने एरंडेलावर उडाली, आणि न जळलेल्या एरंडेलाचे तुषार वैमानिकाच्या तोंडावर उडत राहिले. ज्यांना बालपणी आजीने सकाळी चमचाभर एरंडेल पाजले आहे त्यांना त्या वैमानिकांची अवस्था निराळी वर्णन करून सांगावयास नको. लंडनच्या वेकफील्ड कंपनीने १९०९ साली ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव घेतले तेही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच. महायुद्धात या तेलाला इतकी मागणी आली की अमेरिकेने आपल्याकडे एरंड लावण्यासाठी हिंदुस्थानातून बियाणे नेले.

मग हेच गुणी तेल टू-स्ट्रोकला का दिले नाही? ज्या गुणामुळे ते विमानात चालले तोच येथे आड आला. आपल्याला तेल पेट्रोलात मिसळावयाचे आहे, आणि एरंडेल तर पेट्रोलाशी फटकून वागते. शिवाय तापल्यावर त्याचा राळेसारखा चिकट थर बसतो; दट्ट्याच्या कड्या त्यात रुतून बसतात. शर्यतीच्या मोटारसायकलवाल्यांनी त्याचा नाद सोडला नाही, कारण त्यांना एंजिन दर रविवारी उघडण्याची हौस असते. खेळण्यातील विमानांच्या इवल्याशा एंजिनांत ते आजही वापरतात, कारण त्यांचे इंधन मेथिल अल्कोहोलाचे असते आणि त्यात एरंडेल उत्तम मिसळते. घरगुती वाहनाला मात्र खनिज तेलच राहिले.

तेलाचे प्रमाण घटू लागले ते तेल सुधारल्यामुळे नव्हे, प्रथम एंजिन सुधारल्यामुळे. जर्मनीत आडोल्फ श्न्युर्ले याने १९२५च्या सुमारास झरोक्यांची दिशा अशी बदलली की आत येणारे इंधन सिलिंडरात वळसा घेऊन जुन्या धुराला बाहेर लोटी. उंचवट्याची गरज संपली. दट्ट्याचा माथा सपाट झाला, हलका झाला, थंड राहू लागला. डीकेडब्ल्यू या कारखान्याने १९३२ साली या युक्तीचे हक्क घेतले. त्याच कारखान्याची १९३९ची आरटी १२५ ही मोटारसायकल युद्धानंतर अनेक राष्ट्रांनी उचलली. इंग्लंडची बँटम, अमेरिकेतील हार्ले कारखान्याची १२५ सीसीची गाडी आणि जपानच्या यामाहाचे पहिले वाहन ही सगळी तिचीच भावंडे. पुढची पायरी सुईसारख्या बारीक रुळांच्या बेअरिंगांची. साध्या बुशाला तेलाचा पूर लागतो; सुईच्या बेअरिंगाला नुसता ओलावा पुरतो. पूर्व जर्मनीच्या ट्रबांट मोटारीत दट्ट्याच्या पिनेला असे बेअरिंग बसविले गेले तेव्हा, १९७४ साली, तिचे प्रमाण तेहतीसास एकवरून पन्नासास एकवर आले. तेथे पेट्रोल-पंपावर तयार मिश्रणच मिळे.

इटलीच्या व्हेस्पाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. ती १९४६च्या एप्रिलात जन्मास आली. बाथचा जोसेफ डे, ज्याच्या कल्पनेवर ती चालत होती, तो याच साली वारला, आणि वारला तो जवळजवळ विस्मृतीतच. आरंभीच्या व्हेस्पाला शेकडा पाच तेल लागे. पुढे, १९६०च्या सुमारास, तिच्यात इंधन आत घेण्याची वाट बदलली. कार्ब्युरेटरमधून आलेले मिश्रण दट्ट्याच्या कडेने न जाता थेट फिरत्या आसाच्या चकतीवरून आत जाऊ लागले, म्हणजे ज्या बेअरिंगाला तेलाची सर्वांत निकड त्याच्याच अंगावर तेल पडू लागले. शेकडा पाचाचे शेकडा दोन झाले. वीस मिलिलिटरांचे आपले सुप्रसिद्ध माप ते हेच.

मिश्रणाच्या या पद्धतीत एक धोका होता, आणि घाटांच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्याला तो चटकन कळेल. उतारावर चालक पेट्रोल बंद करतो, पण चाके एंजिनाला फिरवीतच राहतात. चार धावांच्या एंजिनाला त्याचे काही वाटत नाही. टू-स्ट्रोकला मात्र पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. आणि एंजिन तर वेगाने फिरते आहे! लांबच्या उतारावर या उपासमारीने दट्ट्या जखडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. स्वीडनच्या साब कंपनीने १९४९ सालापासून टू-स्ट्रोक मोटारी बनविल्या तेव्हा त्यांत सायकलच्या फ्रीव्हीलसारखी योजना ठेवली: उतारावर चाके स्वतंत्र फिरतात, एंजिन संथ राहते. याच जातीच्या मोटारीने एरिक कार्लसन याने १९६२ व १९६३ अशी लागोपाठ दोन वर्षे माँटे कार्लोची रॅली जिंकली; आल्प्सच्या उतारांवरून ही धूर सोडणारी छोटी गाडी मोठमोठ्यांना भारी पडली. आपल्याकडे स्कूटरला फ्रीव्हील नव्हते. जाणता मेस्त्री मात्र सांगत असे की बोरघाट उतरताना मधूनमधून मूठ पिळावी, म्हणजे तेलाचा घोट मिळेल. हे शहाणपण पुस्तकातील नव्हे, पण शास्त्राला अगदी धरून आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. बजाजच्या व्यापारी संस्थेने १९४८पासून व्हेस्पा आयात करावयास आरंभ केला. पुढे पुण्याजवळ आकुर्डी येथे त्या बनू लागल्या. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीची लँब्रेटा होती. म्हैसूरची जावा आणि येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत, १९७२ साली आलेली कायनेटिकची लुना, आणि शहरोशहरीच्या ऑटोरिक्षा, ही सगळी पेट्रोलात तेल घालून चालणारी प्रजा. मध्यमवर्गाला स्वतःचे वाहन मिळाले ते टू-स्ट्रोकच्या कृपेनेच, हे विसरून चालणार नाही. पण या प्रजेबरोबर एक समजूतही वाढली: तेल जितके जास्त तितके एंजिनाचे आयुष्य जास्त.

ही समजूत जितकी भोळी तितकीच हानिकारक होती. कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रातून ठरावीक द्रव जातो. त्यात तेल वाढले की पेट्रोल तेवढेच घटते, मिश्रण पातळ होते, आणि पातळ मिश्रणाने एंजिन उलट अधिक तापते. राहिलेले तेल धड जळत नाही. त्याची काजळी प्लगवर बसते, झरोके बुजवते, सायलेन्सर कोंडते. सायलेन्सर जाळून साफ करून आणणे हा त्या काळी घरोघरचा वार्षिक विधी झाला होता; त्यामागे पुष्कळदा मालकाच्या हातचे हे औदार्यच असे. ओतण्याच्या क्रमातही फरक पडे. तेल आधी घालून मग पेट्रोल सोडले तर धारेने ते घुसळले जाते. मागाहून घातलेले जड तेल टाकीच्या तळाशी, नेमके नळाच्या तोंडाशी जाऊन बसते. मग सकाळी स्कूटर आडवी करून किका मारणाऱ्या गृहस्थाला शेजारीपाजारी सल्ले देत उभे राहत.

स्कूटरवाल्याची चूक त्याच्या सायलेन्सरपुरती राहिली. रिक्षाचे तसे झाले नाही. रिक्षाला शेकडा तीन तेल पुरेसे असता दक्षिण आशियातील शहरांत त्याच्या दुपटीहून अधिक घातले जात होते, आणि तेही टू-स्ट्रोकसाठी बनविलेले नव्हे. पिंपातून सुटे विकले जाणारे साधे खनिज तेल. रिक्षावाल्याला यात दोष देणे सोपे आहे. परंतु तो दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवीत होता. एंजिन बसले तर त्या दिवसाची भाकरी जाई, तेल जास्त पडले तर थोडा धूर निघे. त्याने जे निवडले ते आपणही निवडले असते. सुटे तेल स्वस्त होते, पंपावर कोणी माप शिकविले नव्हते, आणि धुराचा हिशेब कोणाच्याच वहीत नव्हता. जागतिक बँकेच्या २०००च्या एका अहवालाने हा हिशेब मांडला. झरोके एकाच वेळी उघडे राहत असल्याने या एंजिनात शेकडा पंधरा ते चाळीस इंधन न जळताच बाहेर जाते. त्यात तेलाचे सूक्ष्म कण मिळाले की तो धूर फुप्फुसात खोल शिरतो.

तोपर्यंत दिल्लीत हा प्रश्न न्यायालयापर्यंत पोचला होता. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिलेल्या आदेशात दिल्लीपुरती सुट्या तेलाची विक्री त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून बंद करावयास सांगितली, आणि पंपावर यंत्रानेच मोजून मिसळलेले मिश्रण द्यावे असे ठरविले. तेल किती घालावे या प्रश्नाचे उत्तर देशातील सर्वोच्च न्यायपीठाला द्यावे लागले! १९९९च्या एप्रिलपासून टू-स्ट्रोकसाठी कमी धुराचे तेल सक्तीचे झाले. ढाक्यात याहून कठोर उपाय झाला. २००२ संपता संपता तेथील जुन्या टू-स्ट्रोक रिक्षा रस्त्यावरून काढूनच टाकण्यात आल्या.

हे कमी धुराचे तेल म्हणजे काय? जुन्या तेलातला जड भाग काढून त्याच्या जागी पॉलिआयसोब्युटिलीन नावाचा कृत्रिम पदार्थ घालतात. तो दट्ट्यावर असेपर्यंत जाडपणा देतो आणि तापल्यावर विघटून जवळजवळ स्वच्छ निघून जातो. मघाशी सांगितलेल्या दोन परस्परविरोधी मागण्या प्रथमच एका तेलाने बऱ्याच अंशी पुरविल्या. जपानी मानकात, म्हणजे जासोमध्ये, याची एफसी ही पायरी आहे. एफडी तिच्याहून स्वच्छ. बाजारात डबा घेताना ही दोन अक्षरे पाहणे पुरे. मात्र होडीच्या एंजिनाचे तेल वेगळे. ते पाण्याने थंड राहते म्हणून त्याच्या तेलात राख करणारी धातूंची द्रव्ये मुळीच चालत नाहीत. त्याची खूण टीसी-डब्ल्यू थ्री. ते तेल हवेने थंड होणाऱ्या तापट यंत्रात घालू नये, आणि मोटारीचे चार धावांचे तेल तर दोहोंतही नको. मोटारीच्या तेलातील जी द्रव्ये तेथे मळ धरून ठेवतात तीच येथे जळून प्लगवर राखेचा पूल बांधतात.

यामाहाने १९६४ साली वेगळ्या टाकीतून, एंजिनाच्या वेगाप्रमाणे आपोआप तेल देणारा पंप आणला होता. मिसळण्याची कटकट तेव्हाच मिटावयाची. पण पंपाने माप बरोबर झाले तरी न जळता जाणारे पेट्रोल थांबत नव्हते. धुराचे नियम कडक होत गेले आणि रस्त्यावर चार धावांच्या एंजिनांनी बाजी मारली.

टू-स्ट्रोक मात्र संपला नाही, तो खांद्यावर गेला. कोकणात आंब्याच्या बागेत पावसाळ्यानंतर गवत कापणारे यंत्र, फवारणीचा पाठीवरचा पंप, झाडे कापणारी साखळी-करवत, ही त्याची आजची घरे. म्हणून मापाचा प्रश्नही जिवंत आहे. कोणी पन्नासास एक सांगतो, कोणी पंचवीसास. दोघेही खरे असू शकतात, कारण यंत्रे निराळी आहेत. यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. पन्नासास एक म्हणजे लिटरास वीस मिलिलिटर, पंचवीसास एक म्हणजे चाळीस. मिश्रण यंत्राच्या टाकीत न करता स्वच्छ डब्यात करावे: निम्मे पेट्रोल, त्यात सगळे तेल, डबा हलवून मग उरलेले पेट्रोल. हल्लीच्या पेट्रोलात शेकडा वीसपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा ओढते. पाणी पुरेसे जमले की डब्यात दोन थर होतात, आणि तळाच्या थरात वंगण जवळजवळ नसते. तेव्हा महिन्याच्या कामापुरतेच मिसळावे. गवत कापून झाले, यंत्र पुढच्या हंगामापर्यंत माळ्यावर जावयाचे असेल, तर टाकी रिकामी करून एंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, आणि मगच ते वर ठेवावे.